अकरा पुस्तकांचा ऑक्टोबर

३० सप्टेंबर २००७, रविवार

ठरलं. ऑक्टोबरात अकरा पुस्तकं वाचायची. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून चार आणली, बाकीची पुण्याहून येताना ट्रंकेत घातलेली. दोन जाड कादंबऱ्या, एक आत्मचरित्र, प्रवासवर्णनं — सगळी टेबलावर रचून ठेवली.

उन्मेष बघून खास नवऱ्याच्या सुरात म्हणाला, "तुमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज याच महिन्यात आहे ना?" आहे. गिंडीच्या ऑफिसात महिनाभर कुणाला डोकं वर काढता येणार नाही. म्हणूनच! नाहीतर घरी येऊन नुसती भिंतीकडे बघत बसते. आई मार्चमध्ये गेली, तेव्हापासून एक पानही वाचलेलं नाही. आम्ही दोघी एकच पुस्तक पाळीपाळीने वाचायचो आणि मग फोनवर भांडायचो. आता भांडायला कुणी नाही. तरी वाचायचं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी. वीज गेली, वर बसवेना. पुस्तक घेऊन खालच्या व्हरांड्यात गेले. घरमालकीण अन्नपूर्णाबाई तिथेच होत्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, मीही. यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला आले. घरी बोलतात मराठीच, पण जुनं, तमिळ सुरातलं. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का, मोटर बंद केली का, एवढंच.

"काय वाचतेस, मा?"

कादंबरी, म्हटलं.

"मोठ्याने वाच की."

त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आता सुधारणार नाही. तमिळ मासिकं वाचायच्या, तीही सुटली. नाही कसं म्हणणार? दोन पानं वाचली आणि काम आहे सांगून वर पळाले.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिस. ऑफिस. शून्य पानं.

७ ऑक्टोबर, रविवार

मामींनी जिन्याखालून हाक मारली, "त्या पोरीचं पुढे काय झालं?"

पुन्हा वाचलं. दर दोन ओळींनी थांबवतात. हा शब्द काय, तो कुठला, आमच्यात याला असं म्हणतात. या चालीने अकरा सोडा, एकसुद्धा होणार नाही. मनातून वैतागले होते. तेवढ्यात नायिकेची सासू गोड बोलायला लागली, तर मामी म्हणाल्या, "खोटं बोलते ती. बघ तूं."

मी म्हटलं, नाही हो, चांगली आहे ती. बराच वेळ वाद झाला. पुढच्या प्रकरणात सासू खोटारडी निघाली! मामी नुसत्या हसल्या.

रात्री लक्षात आलं — मी आज पुस्तकावरून भांडले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र बसलं. मामींचा कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडायला मदत केली. पायऱ्या मी लावल्या, बाहुल्या त्यांनी. प्रत्येक बाहुली हाताने चाचपून ओळखत होत्या. मग सुंडल, इथली प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खाल्लं आणि एक प्रकरण वाचलं. हल्ली ऑफिसातून आले की आधी खालीच जाते. चप्पलसुद्धा खालीच काढते.

१५ ऑक्टोबर, सोमवार

उन्मेषला कंपनीने विचारलंय, पुण्याच्या कारखान्यात जाणार का? महिनाअखेर उत्तर द्यायचं. वर्षभर आम्ही दोघं याचीच वाट बघत होतो. गेल्या उन्हाळ्यात तर मी रडून सांगितलं होतं, मला इथून ने.

"छान," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी कुकर लावायला उठले.

मामींना सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

आज सरस्वतीपूजा. इथे आज घरातली सगळी पुस्तकं पूजेत ठेवतात आणि कुणी वाचत नाही. आमची कादंबरीही गेली, तीही नेमकी नायिका घर सोडून निघालेली असताना! मी म्हटलं, एकच पान वाचू या का?

"आज तिला वाचूं दे," मामी देवीकडे हात करून म्हणाल्या. "अस्की पुस्तकं तिची."

अस्की म्हणजे सगळी. हा शब्द मला फार आवडतो.

वाचायचं नाही म्हणून मामी बोलत बसल्या. लहानपणी घरात एक म्हातारे काका मुलांना मराठी अक्षरं शिकवायचे. भावांना बसवायचे, यांना नाही. मग शाळेत तमिळ झालं. "आमचं मराठी तोंडांतच राहिलं. कागदावर कसं दिसतं ते मज ठाऊकच नाही."



२१ ऑक्टोबर, रविवार

विजयादशमी. इथे आज लहान मुलांचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर गिरवतात. मी सकाळी आंघोळ करून खाली गेले तर मामी नवी साडी नेसून पाटावर बसलेल्या. समोर ताटात तांदूळ पसरलेले.

"माझं बोट धर."

धरलं. तांदळात अ काढला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने तो हलकेच चाचपला, पुन्हा पुन्हा. "इतकं वाकडं असतं का हे?" म्हणाल्या आणि दोघी हसत सुटलो. मग न धरता काढला. दांडी सुटली, पण अ होता. बेष झाला, असं त्यांनीच सांगून टाकलं.

विडा, नारळ हातात दिला आणि पायाशी वाकायला लागल्या. मी घाबरून मागे सरले. "उगे राहा. आज तूं गुरु," म्हणाल्या.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. आई असती तर आजच्या आज फोन केला असता. पण आज तिची आठवण आली ती दुखली नाही. हे कुणाचे उपकार मानू?

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

कादंबरी संपली. शेवटचं वाक्य वाचलं आणि मला रडू फुटलं. पुस्तक इतकं काही दुःखी नव्हतं. मामी पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरं काढ."

अकरातलं एक झालं. दहा तशीच. इतका भरलेला महिना मला आठवत नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

रिलीज पार पडलं. लवकर घरी आले. उन्मेष म्हणाला, पुण्याला नको म्हणून कळवलं.  मी तर त्याला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. का, विचारलं.

"रोज संध्याकाळी जिन्यात बसून तुम्हा दोघींना ऐकतो मी," म्हणाला. "शुक्रवारी मला यायला उशीर झाला. शेवटी काय झालं तिचं?"