देवी उठली, हे उठेनात

उस्मानाबाद,
आश्विन वद्य पंचमी, शके १८८३

प्रिय चंदा,

तुझं पत्र बाबूरावानं काल आणून दिलं. वाचलं आणि इतकी चिडले की तसंच उशीखाली सारून दिलं. आज जरा डोकं ठिकाणावर आलंय म्हणून लिहायला बसले. दादांचा नेम पुरा झाला का, असं तू विचारतेस. वर आणखी देवीच्या मनात असेल तसं होईल, हेही. अगं, माझी नणंद व्हायच्या आधी तू माझी मैत्रीण होतीस, एका पाटीवर आपण अक्षरं गिरवली, म्हणून स्पष्ट बोलते. हे असलं मला गावातल्या निम्म्या बायका रोज ऐकवतात. त्यासाठी कळंबहून टपाल यायची गरज नव्हती.

तुला सगळं बाबूरावाकडून कळलंय, आणि तुझा हा चुलतभाऊ कसा आहे ते तुला ठाऊक आहे. अर्धं सांगायचं आणि उरलेल्या अर्ध्याला हात जोडायचे. तेव्हा नीट ऐक. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून आले, सोवळं नेसायला हात वर केला आणि तसेच खाली बसले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं. तुळजापूरहून एस.टी.च्या मागच्या बाकावर आडवं घालून इथं दवाखान्यात आणलं. लकवा. डॉक्टर कोकणातला आहे, वयानं आपल्या घरातल्या पोरांएवढा, पण चांगला आहे. आठवडाभरात तोंड सरळ झालं, जडच पण बोलणं आलं. डॉक्टरला लई आनंद झाला. त्यानं खाटेच्या दांडीला दोरीचा फास बांधून दिला, त्यात दुखरा हात अडकवायचा आणि चांगल्या हातानं दोरी ओढून तो वर न्यायचा. तुझ्या दादांनी पाच-सहा दिवस केलंही. मी त्या दिवसांत दोनदा देवीची ओटी बोलले होते.

मग आली भाद्रपद वद्य अष्टमी. देवी पलंगावर निजली की घट बसेपर्यंत आपल्या घरी कुणी गादीला पाठ लावत नाही, हे तुला काय सांगू. यांनी खुणेनं सांगितलं, मला खाली घ्या. खाली घोंगडी टाकली. डॉक्टर धावत आला, म्हणाला गार फरशीवर आजारी अंग कसं टाकता. मी, चंदा, मान ताठ करून त्याला सांगितलं की आमच्यात नेम असतो, हे पुजारी आहेत. तो बिचारा परमुलखातला, धर्माच्या गोष्टीत मी पडत नाही म्हणाला आणि स्वतः आणखी एक घोंगडी आणून खाली घातली. त्या दिवसापासून यांचं बोलणं बंद, जेवण दोन घासांवर, आणि दोरी लोंबतेय ती लोंबतेय. आम्ही सगळे म्हणालो, वा, काय निष्ठा. तुळजापूरहून लोक यायला लागले. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसाचे पाय धरायचे, डोळे पुसायचे आणि तीनच्या गाडीनं परत जायचं. आपल्या आळीतली नागूबाई तर हळदकुंकू घेऊन आली होती. मला लावलं ते लावलं, खाटेलाही लावलं.

घट बसले. देवी पलंगावरून उठून सिंहासनावर बसली. मी पहाटे उठून यांचं तोंड धुतलं, केस विंचरले, बाबूरावाच्या मदतीनं खाटेवर घेतलं आणि म्हटलं, झालं आता, उठा. यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बाबूराव म्हणाला, नवरात्राचा उपास धरलाय वहिनी, दसऱ्याला सोडतील. दसरा झाला. बाबूराव म्हणाला, आता देवीची श्रमनिद्रा, पौर्णिमेपर्यंत थांबू. पौर्णिमाही झाली. तेव्हा हा शहाणा मला म्हणतो, वहिनी, पौषात पुन्हा निद्रा असते बघा. माझ्या हातात तांब्या होता, नशीब त्याचं की पाणी प्यायला हवं म्हणून मी तो फेकला नाही. शेजारच्या खाटेवर तेरखेड्याचा एक म्हातारा आहे, त्याची बायको कडूबाई हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, देवी वर्साला तीनदा निजती आन् तीनदा उठती, तुमचं मालक एकदाच निजल्यात, त्यास्नी कोन उठिवनार. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

त्याच दिवशी मी डॉक्टरकडं गेले आणि सांगून टाकलं की हा नेम नाही, नेम केव्हाच संपला. तो कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, आई, मला तुम्ही नेम सांगितलात म्हणून मी गप्प राहिलो. लकव्यात पुष्कळांचं मन असं बसतं म्हणे. हात-पायासारखंच तेही आजारानंच बसतं, त्यात माणसाचा हट्ट नसतो आणि रुसवाही नसतो. या घटकेला हात आणि पाय दोन्ही येण्यासारखे आहेत. पण दिवाळीपर्यंत हे असेच पडून राहिले तर सांधे आखडतील, आणि मग जन्मभर असंच. आणि म्हणाला, पाया पडणारी माणसं जरा कमी करा.

ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि खाटेपाशी येऊन नेमकं उलटं केलं. मसाल्याचं दूध आणलं होतं, ते यांनी तोंड फिरवून नाकारलं, आणि माझा तोल गेला. अख्खा वॉर्ड ऐकत होता. मी म्हटलं, पडा असेच, तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. आपल्या घराची पूजेची पाळी बाबूरावानं नवरात्रात झकास पार पाडली, कुणाला तुमची आठवणसुद्धा झाली नाही. असलं बोलले मी, आजारी नवऱ्याला. यांनी डाव्या हातानं पेला भिरकावला. दूध कडूबाईच्या लुगड्यावर. आणि बोलले, चंदा. तीन आठवडे उलटून गेल्यावर बोलले. म्हणाले, त्या बाबूरावाला आरती तरी धड म्हणता येते का.

कडूबाई लुगडं झटकत म्हणाली, बरं झालं बया, मालक जित्तं हाईत. मग यांना रडू फुटलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, अगदी सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. हुंदके देत म्हणाले, डाव्या हातानं देवीला कुंकू कसं लावू, तिला फूल कसं घालू, आणि ते होणार नसेल तर मला घरी नेऊन काय करणार आहेस. म्हणजे एवढे दिवस हे उराशी धरून पडले होते, आणि आम्ही त्याला निष्ठा म्हणून नारळ फोडत होतो. त्या संध्याकाळी त्यांनी दोरीत हात घालू दिला. चार-सहा वेळा वर नेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. मी पुन्हा भांडले, पुन्हा थोडं चाललं. डॉक्टर म्हणतो, हे असंच मागं-पुढं होईल, सोडू नका. त्यानं विचारलं, घरात यांच्याशी न भिता बोलणारं कोण आहे. मी सगळ्यांची नावं मनात घेतली. बाबूराव व्हय दादा, व्हय दादा करतो. पोरं पायांशी उभी राहून सदऱ्याची बटणं चाळवतात. गाव हात जोडतं. यांना अरे म्हणणारं माणूस आता पृथ्वीवर एकच उरलंय, आणि ते कळंबला बसून मला देवीच्या मनात काय आहे ते लिहितंय.

तेव्हा तू ये. फळं आणू नकोस, अंगारा आणू नकोस. आल्याबरोबर पदर खोच आणि लहानपणी अंगणात भांडायचीस तशी भांड. आळशी म्हण, भित्रा म्हण, तुला जे सुचेल ते म्हण, पण तो हात दोरीत घालायला लाव. मला जमतं ते सगळं मी करतेय. पण रोज उठून चिडायचं, रोज टोचून बोलायचं, आणि त्या माणसाचा तो उतरलेला चेहरा बघत पुन्हा वर आवाज चढवायचा, याला मी फार थकले गं. मी जरा मऊ झाले की हे लगेच भिंतीकडं वळतात, म्हणून डोळ्यांत पाणीसुद्धा येऊ देत नाही. भांडणाचं काम चार दिवस तू घे, चंदा. मला त्यांचा तो हात मांडीवर घेऊन एकदा पोटभर रडायचंय.

तुझीच,
चारू