एकही यादी रिकामी नाही

सोमवार, ३ मार्च
आजपासून चिडायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.
शुक्रवारी मीटिंग. माझ्या कंत्राटी नोकरीला मुदतवाढ द्यायची की नाही, हे लॅबच्या मॅडम त्यातच ठरवणार. काम सोपं आहे. लॅबमधलं मशीन सारखं रेकॉर्ड करत असतं, प्रत्येक रेकॉर्डमध्ये सिग्नलची एक यादी. कधी दोन सिग्नल, कधी वीस, कधी यादी रिकामीच. किती सिग्नलच्या याद्या किती, याचा ग्राफ काढायचा. जेवणाआधी उरकतो.

सोमवार, संध्याकाळी
हे सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्याला उलटा टांगला पाहिजे. (चिडलो नाही. मत नोंदवलं.)

मंगळवार, ४ मार्च
ग्राफ आला! शून्यावर काहीच नाही. एकही यादी रिकामी नाही! म्हणजे आमच्या मशीनच्या हातून काहीही सुटत नाही. हे आजवर कुणाला जमलं नव्हतं, मला जमलं. मशीन कुणी बनवलं हा प्रश्न गौण.

बुधवार, ५ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या ‘मॅन्युअल’ने नाक खुपसलं. (आधी मॅन्युअल वाच, एवढंच बोलतो, म्हणून हे नाव.) म्हणे, तू यादीला विचारतच नाहीयेस. यादीतल्या एकेका सिग्नलला विचारतोयस, तुम्ही किती जण? वीस असले तर वीस वेळा ‘वीस’ मोजलं जाणार. आणि रिकाम्या यादीतून उत्तर द्यायला आहे कोण?
जळतोय, दुसरं काय! सगळ्यांदेखत झापला त्याला.
घरी बायकोला सांगितलं तर म्हणते, त्याचं बरोबर वाटतंय. घरातच अस्तनीतले निखारे. जेवलो नाही.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. डोकं थंड ठेवायचं.

शुक्रवार, रात्री
ग्राफ दाखवला. मॅडमनी विचारलं, रविवारचा डेटा धरलायस ना? म्हटलं, अर्थात, सगळाच धरलाय. त्या म्हणाल्या, रविवारी सेन्सरच्या वायरी मीच काढून ठेवल्या होत्या. दिवसभर नुसते रिकामे रेकॉर्ड. ते कुठे गेले?
मॅन्युअल खाली बघत बसला. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.
मुदतवाढ नाही.
जिन्यात भिंतीला लाथ घातली. अंगठा सुजलाय.
घरी सांगितलं, मिळाली मुदतवाढ. बायको म्हणाली, मग लॅबमधल्या खुर्चीवरची उशी घरी कशाला आणलीस?
राग कुठच्या कुठे गेला. आता नुसती भीती वाटतेय.