शेवटचं कडवं

प्रिय दीपमाला,

‘दीप्झ’ लिहिणार होतो, पण या वयात जीभ वळत नाही. पेन तर मुळीच नाही.

तुझा अल्बम ऐकला, चष्मा लावून, दोनदा. निळे केस आवडले. ‘नीलकुंतला’ शब्द शिकवताना माझा वर्ग फिदीफिदी हसतो. आता तुझा फोटोच दाखवीन. शिवाय निळा रंग आपल्या वस्तीला परका थोडाच! फाटकी जीन्सही चालेल. माझा राग सोंगावर नाही.

राग पाचव्या गाण्यावर आहे. चाल राजेंद्रदाजींची, तुझ्या बापाची. कंपनीतून शिफ्ट करून आल्यावर बजाजनगरच्या खोलीत पेटी पुढ्यात ओढून त्यांनी ती बसवली. कोरसला तू होतीस. माइकपर्यंत पोचावीस म्हणून खोक्यावर उभं करायचो तुला. त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीवर लिहिलं, तू तिथं ‘पिया’ घातलास. तेही गिळलं असतं. पण मुलाखतीत म्हणतेस, ‘यह धुन मुझे सफ़र में मिली’! कुठला सफर गं? बजाजनगर ते छावणी, रिक्षातनं? वर शेवटचं कडवं कापलंस. आपल्याकडं कवी तिथंच स्वतःचं नाव गुंफतो. ‘राजेंद्र म्हणे’ आल्याशिवाय गाणं संपत नाही. त्या माणसाला नाव लावायला दुसरी जागा कुठं आहे?

तुझी आई म्हणते, ‘कडुबा, गप बस. पोरीचं बरं चाललंय.’ दाजींचं तर वेगळंच. ‘लई गोड म्हटलंय तिनं,’ म्हणून शेजाऱ्यांना ऐकवत बसले. मी एकटाच धुमसत होतो, आणि लिहिणार नव्हतो.

पण परवा छावणीत जयंतीच्या कार्यक्रमात दाजींनी तेच गाणं धरलं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘काका, हे तर दीप्झचं! चोरलं व्हय?’ मंडप हसला. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी माइक जवळ घेतला. ‘व्हय बाबा, त्या मॅडमचंच हाय. आवडलं म्हणून म्हणतो.’ आणि स्वतःच्या नावाचं कडवं न म्हणताच पेटी मिटली. तुझ्या नव्या रूपाला आपला डाग लागू नये म्हणून! घरी येताना मला बजावलं, ‘पोरीला कळवायचं नाय.’ म्हणून कळवतोय. केस निळेच ठेव. फक्त एकदा त्या मंडपात उभी राहा आणि सांग, हा चोर नाही, माझा बाप आहे.

तुझाच, रागावलेला,
कडुबामामा