पासवर्ड

नांदूरघाट, मे २०००

बसवेश्वरदादा,

इंटरनेटवरची छोटी, सोपी, उद्या कुणाला तरी वेबसाइटसाठी लागतील अशी नावं आधीच घेऊन ठेवायची अन् मग चढ्या भावानं विकायची, हे तूच ह्यांना शिकवलंस. ह्यांनी अंबाजोगाईच्या इंटरनेट कॅफेत बसून इथल्या पुढाऱ्याच्या नव्या साखर कारखान्याचं नाव घेतलं.

काल दुपारी पुढाऱ्याची माणसं आमच्या किराणा दुकानात शिरली. "आमचं नाव हाय, पासवर्ड सांग बे!" ह्यांनी न्हाई म्हणून मान हलवली. त्यांनी ह्यांचा हात ओट्यावर दाबून काठीनं बोटं मोडली. तरी हे बोलले न्हाईत. मग एकानं माझे केस धरले, तसं ह्यांनी तोंड उघडलं. "सांगू नका!" मी ओरडले, अन् तराजूतलं दोन किलोचं वजन त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडले, साखरेचं पोतं रक्तानं भिजलं. "उद्या येतो," म्हणत ते त्याला उचलून पळाले.

आज सकाळी ह्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं अन् मी त्याच कॅफेत जाऊन पासवर्ड बदलून आले. ह्यांनाही सांगितला न्हाई. आता ह्यांना कितीही मारलं तरी काही मिळणार न्हाई.

हे पत्र टाकत न्हाई. वाचून तू धावत येशील. बाहेर त्यांची जीप थांबलीय. दुकान मी उघडंच ठेवलंय.

तुझी,
कावेरी