ओट्यावरचं वाचन

धुळे,
११ नोव्हेंबर १९९४

आदरणीय आईंना विशाखाचा सविनय जय भीम.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांची महिनाभर सकाळची ड्युटी आहे, त्यामुळे डबा पहाटेच होतो. कॉलेजात चाचणी परीक्षा संपल्या. तुम्ही दिलेल्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पिठाच्या शेवटच्या भाकरी परवा थापल्या, आता पुन्हा बाजारच्या पिठावर आलो.

हे पत्र आधी आबांच्या हाती पडणार, हे मला माहीत आहे. ओट्यावर शेजारचे झुलालकाका आणि मंडळी जमतील. सासरेबुवा पाकीट फोडतील, कागद हातभर लांब धरतील आणि खणखणीत आवाजात वाचतील. सून खुशाल, मुलगा खुशाल, धुळ्याला थंडी पडली. काय वाचायचं ते त्यांचं तेच ठरवतील, कारण आबांना आता अक्षर दिसत नाही. मग कागद डब्यात ठेवायला तुमच्याकडे येईल, आणि तुम्ही तो स्वयंपाकघरात बसून खरोखर वाचाल. ह्या दोन्ही गोष्टी तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते आहे.

दिवाळीत त्यांचा डावा डोळा मी उजेडात नीट पाहिला. बुबुळावर साय धरल्यासारखं पांढरं आलंय. उजवाही त्याच वाटेवर आहे. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मोतीबिंदू फार पिकू दिला तर आत फुटतो, मग ऑपरेशन करूनही नजर परत येत नाही. चार डिसेंबरला जळगावला शिबिर आहे, नाव आधी द्यावं लागतं. मी आबांना हळूच विचारलं होतं, तर म्हणाले, ‘चुलीचा धूर गेला असंल.’ घरात गॅस येऊन सहा वर्षं झाली, आई.

त्यांचंही कळतं मला. कारखान्यात तीस वर्षं माल तपासला, केसाएवढी चीर असली तरी नग बाजूला काढला. तायडेच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेब लोक म्हणायचे. त्या माणसानं ‘मला दिसत नाही’ कोणत्या तोंडानं म्हणायचं? मला त्यांचा रागही येतो आणि वाईटही वाटतं.

सप्टेंबरमधल्या माझ्या पत्राबद्दल आपण दोघी नंतर कधी बोललोच नाही. मीच टाळलं. आज लिहूनच टाकते. चौथ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं. हे म्हणाले, गावी कळवू नकोस, उगाच चर्चा होते. तरी मी लिहिलं, कारण मला कुणीतरी जवळ हवं होतं. उत्तर आलं ते झुलालकाकांच्या अक्षरात. आबांनी सांगितलेलं: ‘तुला बढती मिळाल्याचे वाचून सर्वांना अभिमान वाटला.’ मी तो कागद घेऊन किती रडले, काय सांगू. वाटलं, ह्या घराला माझं दुःख ऐकायचंच नाही.

आणि चौथ्या दिवशी तुम्ही दारात. एकट्या. भुसावळ, जळगाव करत, एसटीच्या पाट्या स्वतः वाचत आलात. बोचक्यात डिंकाचे लाडू आणि माझ्यासाठी जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या. आबांना काय सांगून आलात विचारलं, तर म्हणालात, ‘सुनेले बढती भेटली म्हनता ना, मग पेढे देऊन येते.’ त्यांच्याच थापेवर स्वार होऊन आलात तुम्ही. त्या दिवशी मी महिन्याभरानं पहिल्यांदा हसले.

मग खाटेवर पडल्या पडल्या मी सगळं विचारून घेतलं. शेजारच्या कमलबाईच्या नातीच्या पहिलीच्या पुस्तकावर तुम्ही दुपारी चोरून वाचायला शिकलात, त्याला बारा वर्षं झाली. लपवलं का, ह्याचं तुमचं उत्तर मी विसरणार नाही. ‘दिवसभर कारखान्यात राहायचे. संध्याकाळी पेपर वाचून दाखवाचे, तेवढंच आमचं बोलनं. मले वाचता येते म्हटलं असतं तर पेपर माझ्याकडे टाकून चौकात गेले असते.’ आणि गेली दोन वर्षं ते मनानं बातम्या रचतात, हे कळूनही तुम्ही ‘हं, मग?’ म्हणत बसता.

मी काय शिकवते, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत. मी तुम्हाला अमेरिकेतल्या नाटकांच्या गोष्टी सांगितल्या. घरातला पुरुष आपण फार मोठे आहोत असं धरून चालतो, बायको मान डोलावते, सगळे एकमेकांना भ्रमात ठेवतात. शेवटच्या अंकात मुलगा भर बैठकीत खरं बोलून टाकतो आणि घर उभ्या उभ्या मोडतं. तुम्ही सुपातले तांदूळ निवडत ऐकत होतात. म्हणालात, ‘त्या पोरानं दार लावून का नही सांगितलं बापाले?’ आई, मी सहा वर्षं ही नाटकं शिकवते आहे, दाराचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

खरं तर मी नाटकांतल्या त्या बायकांना वर्गात दुबळ्या म्हणत आले. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हालाही तसंच समजले होते, भोळी आहे बिचारी, नवरा म्हणेल ते खरं मानते. माफ करा. परवा पिंपळनेरच्या एका मुलीनं वर्गात विचारलं, ‘मॅडम, तिला सगळं माहीत असेल तर ती दुबळी कशी?’ मी म्हणाले, ‘तू बरोबर आहेस, मी चुकले.’ आणि पुढचा अर्धा तास मी नाव न घेता तुमच्याबद्दल बोलले. पोरी लिहून घेत होत्या.

पण एक भीती सांगते. दिवाळीत आबा ओट्यावर वाचत होते तेव्हा त्यांच्या हातातला पेपर ओढून घ्यावा, असं मला वाटलं होतं. हात पुढे गेलाही होता. ह्यांना कळलं तर हे येऊन चार माणसांत ओरडतील, आणि आबा मग कुठल्याच डॉक्टरकडे जायचे नाहीत. म्हणून मी कुणालाच सांगत नाही. तुम्ही सांभाळलेली गोष्ट आहे, मोडायची की नाही ते तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं एवढंच, की त्यांचे डोळे जाता कामा नयेत.

तुमचीच,
विशाखा


वरणगाव,
९ जानेवारी १९९५

चि. विशाखाले आशीर्वाद. जय भीम.

मी पहिल्यांदाच पत्र लिहू राह्यली. चार दिवस लागले. जसं बोलते तसंच लिहिते, हसू नको.

शिबिर झालं, डोळा झाला, हे तुले माझ्या लेकाकडून, बाळूकडून कळलंच असंल. पन आधी काय झालं ते त्याले माहीत नही. तुझं पत्र आलं त्या दिवशी आबांनी ओट्यावर वाचलं की सुनेनं नवीन कपाट घेतलं. मी मग ते घरात वाचलं, आन् दोन दिवस मले जेवन गेलं नही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दार लावलं. कमलबाईकडून पहिलीचं पुस्तक आनलं व्हतं, ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, मले वाचाले शिकवा. आधी खूश झाले. म्हने, आता सुचलं का तुले म्हातारपनी. मी पान उघडलं, अक्षरावर बोट ठेवलं, म्हटलं, हे कोनतं?

त्यांनी पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, खिडकीकडे फिरवलं. विशाखा, ह्या मानसानं दोन वर्षं मुंबई-दिल्लीच्या खोट्या बातम्या सांगितल्या. निवडनुकीत कोन पडलं, कुठं पूर आला, सगळं मनानं. मले वाटलं, आताही काहीतरी ठोकून देतील, मले कुठं कळनार हाय, असंच त्यांले वाटत व्हतं ना. पन मले खोटं अक्षर नही शिकवलं त्यांनी. पुस्तक बंद केलं आन् म्हने, पार्वता, मले दिसत नही.

मग मीबी सांगितलं, की मले येते वाचता. किती वर्षांपासून, विचारलं. बारा, म्हटलं. दोन दिवस तोंड फिरवून बसले. चहा घ्यायचे, कप माझ्याकडे न बघता ठेवायचे. राग यायचाच. तिसऱ्या दिवशी म्हने, शिबिर कुठं हाय ते वाच बरं. मी तुझं पत्र काढून वाचलं, सगळंच वाचलं, तुझ्या पोटाचंबी. ते ऐकून म्हने, पोरीनं एवढं लिहिलं आन् मी बढती देऊन मोकळा झालो. रडले, विशाखा. तुझ्यासाठी रडले.

आता उजव्या डोळ्याचं उन्हाळ्यात करू. संध्याकाळी पेपर अजूनबी तेच वाचतात. मी ऐकते. मले आवडतं त्यांचं वाचनं.

तू मार्चमध्ये ये. तब्येत सांभाळ, घाई करू नको, लेकरू होईल.

हे पत्र मी लिहिलं. आबांनी वाचलं.

तुझी आई,
पार्वताबाई आधार तायडे