दोघींपैकी एक

पप्पा, शेवटी तुमच्याच वाटेला आलो. नाशिकमध्ये चर्चचा पाळक आहे, इंदिरानगरात भाड्याने राहतो, आणि गेले दोन रविवार उपासना संपली की मागच्या दाराने सटकतो. तुम्ही असता तर कानच धरला असता.

कारण आहे एक कुटुंब. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरचं, द्राक्षबागांच्या कामाला इकडे येतं. नवरा आणि त्याच्या दोन बायका. थोरलीला मूल झालं नाही म्हणून तिनेच आपली धाकटी बहीण घरात आणली. आता धाकटीच्या दोन्ही मुली थोरलीच्या कुशीत झोपतात. लग्न दोघींचंही लागलेलं नाही. त्यांच्याकडे लग्नाच्या जेवणाची ऐपत येईपर्यंत जोडपी तशीच नांदतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. या सगळ्यांना आता बाप्तिस्मा हवाय. आमच्या चर्चच्या कमिटीने तोडगा काढला, की थोरलीशी रीतसर लग्न लावायचं, त्याच दिवशी बाप्तिस्मा द्यायचा आणि धाकटीने मुली घेऊन माहेरी जायचं. बैठक चहा येण्याआधीच संपली.

मला टांझानियातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, मी दुसरी-तिसरीतला. आई मक्याचं पीठ शिजवतेय आणि दाराशी एक बाई बसलीय, पाठीला कापडात बांधलेलं बाळ. तिच्या नवऱ्याला त्या सकाळी तुम्ही बाप्तिस्मा दिलात, पहिली बायको ठेवून हिला सोडायच्या अटीवर. सोडलेल्या बाईला तिथे ना शेत, ना घर. आता मी कुठे जाऊ, असं तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "नियम मी केलेला नाही." आईने तिला पोटभर वाढलं आणि त्या दिवशी तुमचं ताट मांडलंच नाही. तुम्ही मुकाट्याने उपाशी राहिलात, पण त्या बाईच्या नवऱ्याशी बोलायला काही गेला नाहीत. मला तुमचा फार राग आला होता. अजूनही आहे, पण आता तो धड करताही येत नाही.

गेल्या आठवड्यात कमिटीचा निरोप घेऊन मी बागेतल्या त्यांच्या शेडवर गेलो. नवऱ्याने मला बसायला पोतं टाकलं. धाकटी चुलीपाशी भाकरी थापत होती. थोरली म्हणाली, "तिला मी आणली, पाळकबाबा. ती जाईल तर मीबी जाईन. मग याचं लगीन कुणासंगं लावशील?"

मी म्हणालो, नियम कमिटीचा आहे. बोललो आणि जीभ चावली.

इकडे आड, तिकडे विहीर. सगळ्यांना बाप्तिस्मा दिला तर कमिटी मला ठेवणार नाही. धाकटीला काढलं, तर येशूवाले घरं फोडतात असं त्यांच्या पाड्यावर आधीच म्हणतात, ते मी खरं करून दाखवीन. आणि त्या मुली कुणाच्या कुशीत झोपतील, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नव्हतं.

परवा रविवार. ते पुन्हा येतील, धुतलेले कपडे घालून, सगळ्यात पुढे सतरंजीवर बसतील. आज सकाळी मी गुडघे टेकले. धैर्य मागायला हवं होतं. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही म्हणून सांगतो, पप्पा. मी मागितलं ते एवढंच, की त्यांनी आपणहून येणं सोडावं.