वाफ कुठल्या टाकीत चालली

माय, मी आज जाम खूश आहे, आणि ते सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. पुण्याची नोकरी सोडून कुरुंद्याला परत आले तेव्हा दादा म्हणाला होता, "येडी झालीस का? हितं बसल्या बसल्या कोन देईल तुला काम?" मग एका परदेशी कंपनीनं परीक्षा म्हणून मला एक काम दिलं. जगभरातली माणसं मिळून लिहितात असा एक भलामोठा प्रोग्राम, कुणालाही उघडून बघता येतो. त्यातली एक चूक शोधून दुरुस्त करायची. जमलं तर घरी बसून पगार, नाही जमलं तर परत पुणं आणि तीच भाड्याची खोली.

उघडला तर काय, फायलींवर फायली, सगळ्या परक्या हातच्या. अशा वेळी डीबगर लागतो. चालत्या प्रोग्रामला पाहिजे त्या ओळीवर थांबवायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं. इथं थांब अशी खूण म्हणून मी एका ओळीवर लाल ठिपका ठेवला, तर हा थांबेचना! वरच्या ओळीवर ठेवला, खालच्या ओळीवर ठेवला, सरळ पुढं पळून जातो मुडदा. डीबगर काढून परत टाकला, त्याच्या सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. दादा दारातून डोकावून विचारतो, "काहून चिडून राहिली?" मी म्हटलं, "हत्यारच बिघडलंय." शेवटी वैतागून मी त्या फायलीत मुद्दाम वेडीवाकडी अक्षरं खुपसली. आता तरी बंद पडायला पाहिजे ना? छे! मजेत चालला.

आणि मला एकदम हसू फुटलं, माय. दहावीची परीक्षा झालेली, तू मळ्यावर हळद शिजवायच्या टोळीत, आणि मी तुझ्या मागं मागं. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरची वाफ नळातून एका वेळी एकाच टाकीत सोडतात. मी एका टाकीतल्या हळकुंडाला, शिजलं का म्हणून, काडी टोचून बघतेय, काडी काही घुसत नाही. काडी बदलतेय, जाळ वाढवा म्हणून वरून ओरडतेय. तू पदरानं घाम पुसत येतेस आणि माझ्या हातातली काडी काढून घेतेस. "काडीला काहून बोल लावून राहिली? वाफ कुठल्या टाकीत चालली ते तर बघ आधी!" नळ शेजारच्या टाकीकडं वळवलेला. सगळ्या बाया खो खो हसतात, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं तू. इतका राग आला होता मला तुझा!

तर मी बघितलं. ह्या प्रोग्रामची एक प्रत मशीनमध्ये आधीच बसलेली होती, सुरुवातीला मीच बसवलेली. चालत होती ती. मी टोचत बसले होते दुसरीला, नुसत्या उघडून ठेवलेल्या प्रतीला. डीबगर बिचारा ठणठणीत! चालवायची प्रत बदलली, प्रोग्राम ठिपक्यावर गपकन थांबला, आणि दिवस मावळायच्या आत चूक सापडली. तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या माणसानं माझी दुरुस्ती जशीच्या तशी घेतली. आता तिथं लिहिणाऱ्यांच्या यादीत नाव लागलंय, तुझ्या लेकीचं. आज कंपनीचा फोन आला, काम पक्कं. दादा गल्लीभर सांगत फिरून राहिला, "आमच्या बहिणीनं केलं," जसं काही त्यानंच शिकवलं मला.

माझा मलाच अभिमान वाटतोय, माय, खोटं कशाला बोलू? पण एक आहे. तू जन्मभर एकच घोकलंस, "शिक, आन् निघ ह्या गावातून. माझ्यावानी टोळीत हाडं झिजवू नको." तू हाडं झिजवलीस म्हणून तर मी शिकले. आणि ते सगळं शिक्षण मी पणाला लावलं कशासाठी, तर ह्याच गावात राहायला मिळावं म्हणून. तू असतीस तर बोललीच नसतीस माझ्याशी. हे पत्र टाकायला पत्ता नाही तेच बरं, कारण तुझ्यासमोर उभं राहून हे म्हणायची हिंमत मला आजही झाली नसती: मला इथंच आवडतं, माय.